नौदलाची हमाल विमानं सिममध्ये कुठे हरवली?

तिसरी_तार (धागाकर्ता)

मंडळी, सिममधल्या (संगणकावरच्या उड्डाण-खेळांतल्या) विमानवाहू नौकांवर गेल्या काही वर्षांत भरपूर काम झालं. डीसीएस या लढाऊ सिममध्ये हॉर्नेट (एफ-१८) आलं, टॉमकॅट (एफ-१४) आलं, मग सुपरकॅरियर ही तपशीलवार नौका आली आणि रंगीबेरंगी जर्सीतली माणसं हातवारे करत आपल्याला कॅटापुल्टपर्यंत (विमानाला झटक्याने हवेत फेकणारं यंत्र) नेऊ लागली. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्येही २०२२ पासून डेकवरून एफ-१८ उडवता येतं. तरी एक गोष्ट सारखी खटकते. खऱ्या नौकेवर लढाऊ विमानं ज्यांच्या जिवावर उडतात ती इंधन देणारी, टपाल आणि सुटे भाग आणणारी, वरून लक्ष ठेवणारी, पाण्यात पडलेल्याला उचलणारी विमानं आपल्या हाती जवळजवळ कधीच येत नाहीत. असतात, पण एआय म्हणून, संगणकानेच चालवलेली. ठरलेल्या रेघेवर फिरणारी सजावट.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती एस-३ व्हायकिंगची. १९७४ साली हे विमान सोव्हिएत पाणबुड्या हुडकायला सेवेत आलं. चार जणांचा क्रू, ए-१० ला असतात त्याच जातीची टीएफ-३४ इंजिनं, आणि त्यांचा आवाज असा की 'हूवर' हे टोपणनाव कायमचं चिकटलं. शीतयुद्ध ओसरलं, केए-६डी टँकर निवृत्त झाले आणि सवंगड्यांना इंधन पाजायचं काम व्हायकिंगकडे आलं. २००९ मध्ये तेही आघाडीच्या स्क्वाड्रनांतून गेलं. मग ते ओझं सुपर हॉर्नेटच्या गळ्यात पडलं. पंखाखाली चार टाक्या, पोटाखाली इंधन द्यायचा पॉड, आणि लढाऊ विमानाच्या आयुष्यातले मोलाचे तास टँकर म्हणून खर्च. एमक्यू-२५ हा वैमानिक नसलेला टँकर अमेरिकेने का काढला याचं उत्तर यातच आहे. (त्याच्या चाचणी विमानाने ४ जून २०२१ ला सुपर हॉर्नेटला हवेत इंधन दिलं.)

आता रात्रीची उतरण डोळ्यासमोर आणा. विमानं मागे थरांत घिरट्या घालतायत आणि एकेका मिनिटाच्या अंतराने खाली येतायत. एखाद्याचा शेपटीचा हुक डेकवरच्या, विमान थांबवणाऱ्या सगळ्या तारा चुकवतो, तो बोल्टर होऊन पुन्हा वर जातो. पुन्हा येतो, पुन्हा चुकतो. आता त्याच्याकडे एकाच प्रयत्नापुरतं इंधन उरलंय. अशा वेळी टँकरने वर नुसतं गोल फिरत बसून भागत नाही. कोणाचं इंधन किती उरलंय, कोण कितव्या नंबरवर आहे, हे रेडिओवर ऐकत मनात हिशेब ठेवायचा, आणि तो गडी तिसऱ्यांदा चुकून डेकवरून उठेल त्या क्षणी बरोबर त्याच्या पुढे, जरा वर, त्याने मान उचलली की दिसेल अशा जागी हजर व्हायचं. तिथले लोक याला 'हॉकिंग' म्हणतात. मला सिममध्ये करायचं आहे ते हे. तार पकडणं हजारदा करून झालं.

पण या विमानांचं नुसतं कॉकपिट बनवून काही होणार नाही असं माझं मत आहे. आपल्या मिशनांमध्ये त्यांची गरजच पडत नाही. भरल्या टाकीने निघून अर्ध्या तासात परतणारा हॉर्नेटवाला टँकरकडे कशाला ढुंकून बघेल? सुटा भाग आला नाही म्हणून सिममध्ये कुठलं विमान जमिनीवर बसून राहतं? मदत करणाऱ्या विमानाला काम हवं असेल तर आधी कुणीतरी अडचणीत असायला हवं.

तुमचे अनुभव, मतं, शिव्या सगळं चालेल.

डेल्टा_पॅटर्न

धागा चांगला आहे, पण गणित बघा. पूर्ण तपशिलाचं एक मॉड्यूल (सिममध्ये विकत घेऊन उडवायचं विमान) करायला छोट्या चमूची काही वर्षं जातात. तेवढ्या मेहनतीत लढाऊ विमान केलं तर शंभर जण घेतील, व्हायकिंग केलं तर तुम्ही घ्याल आणि तुमचे दोन मित्र. त्यातून चार जणांचा क्रू म्हणजे चार आसनांची प्रणाली, आणि मागच्या दोघांच्या पडद्यांवर काय दिसतं त्याची अधिकृत माहिती मिळायची मारामार. निर्मात्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मागची_सीट

विक्रीचं सोडा हो, उडवण्याचं बोला. डेकवर उतरवायला सर्वांत त्रासदायक विमान कोणतं, यावर लोक टॉमकॅट की कोर्सेअर असं भांडत बसतात. माझं मत हॉकआय (वरून लक्ष ठेवणारं रडारविमान) आणि ग्रेहाउंड (टपाल, माल, माणसं आणणारं) या दोघांना.

पंखांचा विस्तार साडेचोवीस मीटर. दोन्ही बाजूंना उभी करून ठेवलेली विमानं, मधल्या पट्ट्यात तुम्ही. जरा डावी-उजवी झाली तर नुसता उतरणीचा शेरा खराब होत नाही, पंखाचं टोक कुणाच्या तरी नाकात जातं. त्यात पट्टा कोनात असल्यामुळे नौका पुढे जाते तसा तो सतत उजवीकडे सरकत राहतो. आणि खरी गंमत प्रोपेलरांची. दोन्ही एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे पॉवर जरा वाढवली की नाक एकीकडे, कमी केली की दुसरीकडे. जेटवाल्यांचे पाय उतरताना जवळजवळ झोपलेले असतात, इथे रडरवर नाच चालतो.

एक फायदाही आहे. टर्बोप्रॉप एकाच वेगाने फिरत असतं, बदलतो तो पात्यांचा कोन. त्यामुळे मागितलं की जोर लगेच मिळतो, जेटसारखी वाट बघावी लागत नाही. पण लगेच मिळतो म्हणून लगेच जास्तही होतो.

आणि या दोन्ही विमानांत इजेक्शन सीट नाही. ग्रेहाउंडमधले प्रवासी शेपटीकडे तोंड करून, डोक्यावर हेल्मेट, कानावर आवरण, जवळजवळ खिडकी नसलेल्या डब्यात बसलेले असतात. हूक कधी अडकणार ते त्यांना कळतही नाही. मागे अशी पंचवीसेक माणसं आहेत हे डोक्यात ठेवून एकदा उतरून बघा, हात वेगळेच चालतात.

नवशिका_नाविक

प्राथमिक प्रश्न, हसू नका. माल आणायला ग्रेहाउंडच का? मोठं मालवाहू हर्क्युलस उतरवता आलं नसतं का? कुठल्यातरी सिममध्ये एकाने उतरवलेलं पाहिलं, मला वाटलं थट्टा आहे.

मागची_सीट

थट्टा नाही, खरंच उतरवलंय. १९६३ च्या शरदात 'फॉरेस्टल' नौकेवर केसी-१३०एफ (हर्क्युलसचाच टँकर प्रकार) आणलं, वैमानिक जेम्स फ्लॅटली. ना हुक, ना कॅटापुल्ट. २१ वेळा पूर्ण थांबून उतरले आणि २१ वेळा स्वतःच्या बळावर उडाले. पंखाचं टोक आणि नौकेचा मनोरा यांत सुमारे १५ फुटांचं अंतर. जमलं, पण ते डेकवर असेपर्यंत बाकीचं काम ठप्प, आणि जोखीम रोज घेण्यासारखी नाही असं ठरलं. पुढच्याच वर्षी ग्रेहाउंडचं पहिलं उड्डाण झालं. हॉकआयचेच पंख आणि इंजिनं घेऊन मधे रुंद पोट आणि मागे उतरता दरवाजा. आता त्याचीही जागा सीएमव्ही-२२ ऑस्प्रे घेतंय.

सिममध्ये हर्क्युलस उतरवायचं असेल तर हवामान नीट लावा. समोरून दमदार वारा हवा आणि नौका पूर्ण वेगात. शांत हवेत उतरल्याचे व्हिडिओ टाकणाऱ्यांना मी तरी गंभीरपणे घेत नाही.

खारा_वारा

तिसरी_तार यांच्या 'गरज पडायला हवी' या मुद्द्याला इतिहासातून जोड देतो. फॉकलंडचं युद्ध, १९८२, ब्रिटन विरुद्ध अर्जेंटिना.

ब्रिटिश नौदलाकडे १९७८ पर्यंत फेअरी गॅनेट एईडब्ल्यू-३ हे वरून लक्ष ठेवणारं रडारविमान होतं. दिसायला कुरूप, पोटाखाली रडारचा मोठा फुगा. पण इंजिन झकास. डबल मांबा, म्हणजे एका खोळीत दोन इंजिनं, प्रत्येकाचा वेगळा प्रोपेलर, एकामागे एक आणि उलट दिशांना फिरणारे. हव्या त्या जागी पोचलं की एक अर्धं बंद करून निवांत तासन्‌तास तरंगायचं. जुनी विमानवाहू नौका 'आर्क रॉयल' गेली, तिच्याबरोबर गॅनेट गेलं, आणि त्या जागी काही आलं नाही. चार वर्षांनी ताफा दक्षिण अटलांटिकमध्ये पोचला तेव्हा क्षितिजाखालून येणारं विमान दुरून बघणारं कुणी वर नव्हतंच.

आता समोरची बाजू बघा. ४ मे ला 'शेफील्ड' या ब्रिटिश युद्धनौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडणारी दोन सुपर एतांदार विमानं सगळ्यांना माहीत आहेत. त्यांना जागा दाखवली कुणी? अर्जेंटिनाच्या नौदलाच्या म्हाताऱ्या नेपच्यून गस्ती विमानाने. क्षणभर वर यायचं, रडारची एक फेरी, पुन्हा लाटांजवळ खाली. वाटेत दोघांना इंधन दिलं केसी-१३० ने. त्याआधी १ मे ला ब्रिटिश ताफा शोधला तोही 'व्हेंतिसिंको दे मायो' या अर्जेंटिनाच्या विमानवाहू नौकेवरच्या ट्रॅकर गस्ती विमानाने. त्यावर हल्ला करायला स्कायहॉक तयार होते, पण वारा इतका पडला की जड विमानं डेकवरून उडवता येईनात. 'शेफील्ड'वर २० माणसं गेली. त्यानंतर ब्रिटनने घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरांवर सर्चवॉटर रडार बसवलं, तोवर युद्ध संपलं होतं.

डीसीएसमध्ये दक्षिण अटलांटिकचा नकाशा आहे, अर्जेंटिनाचा रिओ ग्रांदे तळ आहे, वारे आहेत, लाटा आहेत. आपण तिथे काय करतो? हॅरियर घेऊन कुत्र्यामांजरांसारखे झगडतो. त्या मोहिमेचा अर्धा थरार नेपच्यूनमधल्या रडारवाल्याच्या त्या काही सेकंदांत होता. जास्त वेळ वर राहिला तर दिसणार, कमी राहिला तर काहीच सापडणार नाही.

डेल्टा_पॅटर्न

@खारा_वारा, माहिती उत्तम. पण नेपच्यूनची मोहीम म्हणजे तासन्‌तास राखाडी समुद्र, मग रडारवर एक ठिपका, मग पुन्हा राखाडी समुद्र. दिवसभर काम करून आलेला माणूस संध्याकाळी हे करेल? तुम्ही वर्णन करताय त्या काही सेकंदांच्या आधीचे तास कोण भोगणार?

सोनोबॉय

मी. आनंदाने. आणि मी एकटी नाही.

२००५ साली 'डेंजरस वॉटर्स' नावाचा नौदल सिम आला. त्यात पाणबुड्या आणि फ्रिगेटबरोबर पी-३ ओरायन गस्ती विमान आणि एमएच-६०आर हेलिकॉप्टर खेळाडूच्या हाती दिलेलं होतं. चित्रं तेव्हाही बेताचीच, आणि उडवण्याला काडीची मजा नाही, ते मान्य. पण काम! आधी पाण्याचं तापमान मोजणारा बॉय (विमानातून टाकायचं तरंगतं उपकरण) टाकायचा, थंड-गरम पाण्याचा थर किती खोलीवर आहे ते बघायचं. पाणबुडीचा कप्तान त्या थराखाली लपणार हे गृहीत धरून ऐकणारे बॉय वर की खाली ते ठरवायचं. मग रांग टाकायची आणि पडद्यावरच्या उभ्या रेघांकडे बघत बसायचं. एक फिकट रेघ दिसली की ती व्यापारी जहाजाची की डिझेल पाणबुडीची, यावर डोकं फोडायचं. आवाज करणारा सक्रिय बॉय टाकला तर जागा नक्की कळते, पण त्यालाही कळतं की तुम्ही आलात.

त्या वाट बघण्यात प्रत्येक मिनिटाला काहीतरी ठरवावं लागतं, म्हणून कंटाळा येत नाही. मला वाटतं डेल्टा_पॅटर्न ज्याला कंटाळवाणं म्हणतायत तो नीट न बनवलेला सिम आहे. डीसीएसमध्ये पाण्याखाली जवळजवळ काहीच चालत नाही, तिथे उद्या सुंदर व्हायकिंग आणून दिलं तर बॉय टाकायचे कशासाठी?

तिसरी_तार

सोनोबॉय, अगदी हेच म्हणायचं होतं. तुम्ही कमी शब्दांत म्हणालात.

कासवगती

आपल्याकडचं पाणबुड्या शोधणारं आलिझे कुणी कसं काढलं नाही? ब्रेगे आलिझे, डार्ट टर्बोप्रॉप, तीन माणसं, पोटातून खाली येणारं रडार, चाकांच्या खोळीत सोनोबॉय. नौदलाची ३१० स्क्वाड्रन, 'विक्रांत'वर. १९७१ च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरात सीहॉक जेटच्या जोडीने हीच विमानं चितगाव आणि कॉक्स बझारवर जात होती. तेव्हा 'विक्रांत'चा एक बॉयलर नादुरुस्त, त्यामुळे नौकेला पुरता वेग नाही. हिवाळ्यात तिकडे वाराही बेताचा. डेकवरचा वारा म्हणजे नौकेचा वेग अधिक खरा वारा, आणि इथे दोन्हीकडून मारलेलं. जिथे जेटला घाम फुटतो तिथे हे संथ विमान निमूट उठतं.

या एका परिस्थितीवर किती छान मिशन होईल! शत्रू कमी, वारा आणि वजन यांचंच गणित जास्त. दाभोळीच्या नौदल विमान संग्रहालयात आलिझे उभं आहे, मॉड करणाऱ्यांनी बाहेरून मोजमाप तरी घ्यावं.

खारा_वारा

+१. आणि गंमत बघा, १९८२ ला 'व्हेंतिसिंको दे मायो'चे स्कायहॉक वाऱ्याअभावी अडकले, त्याच्या अकरा वर्षं आधी जवळपास तीच अडचण घेऊन 'विक्रांत' लढत होती. दोन्ही नौकाही ब्रिटिश बांधणीच्या, लहान डेकच्या. सिममध्ये वारा आपण स्लायडर ओढून लावतो म्हणून त्याची किंमत कळत नाही.

निळी_जर्सी

चर्चा ऐतिहासिक वळणावर गेलीच आहे, तर जरा आजच्या घडीला काय करता येईल ते सांगतो.

डीसीएसमध्ये मिशन बनवणाऱ्यांनी 'मूस' ही स्क्रिप्टची चौकट वापरावी. त्यात रिकव्हरी टँकर नावाचा भाग आहे. एस-३ नौकेबरोबर सरकत तिच्या वर फेऱ्या मारतं, इंधन संपत आलं की उतरतं आणि परत वर जातं. त्यातच बचाव हेलिकॉप्टरचाही भाग आहे. ते नौकेच्या उजव्या अंगाला उडत राहतं आणि कुणी जवळपास उडी मारली तर उचलायला जातं. हॉकआयसाठी माणूस हवा असेल तर लॉटएटीसी लावा. तुमच्यापैकी एक जण वेगळ्या संगणकावर रडारचं चित्र बघत बाकीच्यांना दिशा देतो. त्याला खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण खऱ्या हॉकआयमध्ये मागच्या तिघांनाही कुठे दिसतो!

तरीही एआय टँकरवर माझा राग आहेच. तुम्ही इंधनाच्या नळीच्या टोकाला असलेल्या बास्केटपासून हातभर अंतरावर असता आणि हा बाबा निवांत वळायला लागतो. चांगला माणूस टँकर चालवत असता तर त्याने वळण्याआधी सांगितलं असतं, किंवा थांबला असता.

वाफाळ

वाचतेय. निळी_जर्सी, त्या वळणावरून माझ्या स्पीकर्सनी आजवर काय काय ऐकलंय ते विचारू नका.

मागची_सीट

माणूस टँकर चालवत असता तर काय होतं याचं उदाहरण देतो, बघा पटतंय का.

३१ मे १९६७, व्हिएतनाम युद्ध, टोंकिनचं आखात. अमेरिकी हवाई दलाचं केसी-१३५ टँकर, कमांडर मेजर जॉन कॅस्टील. त्यांच्याकडे इंधनासाठी आली नौदलाची दोन केए-३ विमानं, म्हणजे टँकरच. स्कायवॉरियर ते, नौकेवरचं सर्वांत बोजड विमान, टोपणनाव 'व्हेल'. दोन्ही टँकर स्वतः कोरडे पडत आलेले. त्यांना इंधन देणं चालू असतानाच दोन एफ-८ लढाऊ विमानं आली, त्यांचीही अवस्था वाईट. त्यातल्या एकाला तर थांबणंच शक्य नव्हतं. मग केसी-१३५ च्या नळीला केए-३ लागलेलं असताना त्या केए-३ च्या मागे एफ-८ ने जाऊन प्रोब (इंधन घ्यायचा दांडा) लावला. तीन विमानं एका माळेत, वरच्याने मधल्याला, मधल्याने खालच्याला. पुढे आणखी दोन एफ-४ आली, त्यांनाही दिलं, आणि शेवटी केसी-१३५ लाच घरी परतायला इंधन पुरेना. कॅस्टीलच्या क्रूला त्या वर्षीची मॅके ट्रॉफी मिळाली.

डेल्टा_पॅटर्न, हे मिशन तुम्ही संध्याकाळी खेळाल की नाही?

डेल्टा_पॅटर्न

हे खेळेन. पण तुम्ही फसवताय, शंभरांतला एक दिवस निवडून आणलात. उरलेले नव्याण्णव दिवस तो टँकर गोल फिरून परत आला असणार.

शिवाय मूळ अडचण तशीच आहे. इंधन घेणाऱ्या सगळ्याच वैमानिकांना खरंच इंधनाची चणचण असायला हवी, आणि सार्वजनिक सर्व्हरवर कुणीही स्वतःहून कमी इंधन भरत नाही. मरायला कोण येतं?

कासवगती

अवांतर: बचावाचं निघालं म्हणून किंगफिशर आठवलं. दुसऱ्या महायुद्धातलं फ्लोटचं छोटं विमान, युद्धनौकेवरून कॅटापुल्टने उडायचं. ३० एप्रिल आणि १ मे १९४४ ला पॅसिफिकमधल्या ट्रुक या जपानी तळावर हल्ले चालू असताना 'नॉर्थ कॅरोलायना'वरच्या जॉन बर्न्सने पाण्यात पडलेले वैमानिक पंखांवर बसवले. इतक्या वजनाने विमान उडेना, तेव्हा समुद्रावरून तसंच चालवत 'टँग' पाणबुडीपर्यंत नेलं. 'टँग'ने त्या मोहिमेत एकूण २२ जण वाचवले. उड्डाण सिममध्ये न उडता लाटांवरून टॅक्सी करण्याचं मिशन कुणी केलंय का? लाटा आणि फ्लोट यांचं भौतिकशास्त्र बरं असेल तर मी तेवढ्यासाठी सिम घेईन.

तिसरी_तार

डेल्टा_पॅटर्न, सार्वजनिक सर्व्हरबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिथे हे चालणारच नाही. पण ओळखीच्या सहा-सात जणांच्या गटात चालेल. मिशन एडिटरमध्ये इंधन मिशन बनवणाऱ्याच्या हातात असतं. समजा चार हॉर्नेट नौकेपासून दूर, थरांत घिरट्या घालताना हवेतच सुरू केली. प्रत्येकाला वेगळं इंधन, कुणाला दोन प्रयत्नांपुरतं, कुणाला जेमतेम एका. कुणाला किती ते फक्त त्यालाच माहीत. रात्र, ढग खाली, डेक हलता. टँकर एकच, आणि त्याच्याकडे सगळ्यांना पुरेल इतकं नाही. कोणाला आधी द्यायचं ते ठरवणारा माणूस लॉटएटीसीवर बसेल. एस-३ एआयच राहील, पण त्याला कुठे पाठवायचं, कधी खाली बोलवायचं, हे स्क्रिप्टच्या मेनूतून तो ठरवेल. हॉकिंगचं उडवणं नाही जमलं तरी हॉकिंगचा हिशेब तर जमेल.

निळी_जर्सी

करता येईल. पण एक अडचण आधीच सांगतो. एआय टँकरला नवी जागा दिली की तो तिकडे जाताना वेग आणि उंची स्वतःच्या मर्जीने धरतो. बोल्टर झालेल्याच्या पुढ्यात त्याला नेमक्या वेळी आणायचं तर दोन-तीन मिनिटं आधी निरोप द्यावा लागेल. म्हणजे हिशेबवाल्याला कोण चुकणार हे तो चुकण्याआधीच ओळखावं लागणार.

सोनोबॉय

मग ते काम मला द्या. घसरत्या मार्गावर कोण कसा येतोय ते पाऊण मैलावरून बऱ्यापैकी कळतं, आणि पहिल्या प्रयत्नात घाबरलेला माणूस दुसऱ्यांदा रेडिओवर कसा बोलतो तेही.

वाफाळ

मी एका प्रयत्नापुरतं इंधन घेणाऱ्यांत. माझी उतरण सगळ्यांनी पाहिलेली आहे, सोनोबॉयला ओळखायला फार त्रास पडणार नाही.

डेल्टा_पॅटर्न

माझी मतं तीच आहेत, मॉड्यूल कुणी घेणार नाही. शनिवारी किती वाजता?